बॅण्डच्या सन्मानाला गायकच गैरहजर: अ‍ॅक्सल रोझच्या निर्णयाकडे कसे पाहावे?

तिसरी तार:

रॉक संगीत मनापासून ऐकणाऱ्या मंडळींपुढे एक जुनाच प्रश्न पुन्हा मांडतो आहे. गेल्या आठवड्यात मी १४ एप्रिल २०१२ च्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या रॉक कलाकारांचा गौरव करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सोहळ्याचे चित्रण पुन्हा पाहिले आणि तेव्हा मनाला जे खुपले होते ते अजूनही तितकेच खुपते आहे, हे लक्षात आले. त्या रात्री क्लीव्हलँडच्या पब्लिक हॉलमध्ये गन्स एन रोझेस या अमेरिकी रॉक बॅण्डचा गौरव झाला. बॅण्डचा परिचय करून देण्याचे काम ग्रीन डे या बॅण्डकडे होते. त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग एकेका सदस्याविषयी बोलत गेला आणि गायकाची पाळी येताच सभागृहात हुर्यो उठली. त्याने लोकांना गप्प केले आणि अ‍ॅक्सल रोझ हा माइक हातात घेतलेल्या सर्वोत्तम गायकांपैकी एक आहे, असे ठासून सांगितले. ज्याच्याविषयी हे बोलले जात होते, तो मात्र तिथे नव्हता.

तीन दिवस आधी, ११ एप्रिलला, अ‍ॅक्सलने खुले पत्र प्रसिद्ध केले होते. संस्थेचे आणि चाहत्यांचे आभार मानून त्याने येणार नसल्याचे कळवले होते. जिथे आपण हवेसे नाही आणि जिथे आपला मान राखला जाईल असे वाटत नाही, तिथे जाण्यात अर्थ नाही, असा त्याचा सूर होता. इथवर मी समजू शकतो. पण त्याच पत्रात त्याने पुढे असेही बजावले की आपल्या अनुपस्थितीत मानकऱ्यांत आपला समावेश करू नये आणि आपल्या वतीने कोणी सन्मान स्वीकारू नये किंवा बोलू नये. संस्थेने त्याचा समावेश केलाच. बॅण्डचे वादक स्लॅश, डफ मकेगन, स्टीव्हन अ‍ॅडलर आणि मॅट सोरम मंचावर आले. इझी स्ट्रॅडलिनने आभाराचे निवेदन पाठवले, पण तो आला नाही, आणि डिझी रीडही आला नाही. गाणी झाली, पण ती माइल्स केनेडीने गायली.

१९८७ साली आलेल्या पहिल्या अल्बममुळे मी या बॅण्डकडे ओढला गेलो. त्याची कॅसेट मी इतक्या वेळा वाजवली की दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी फीत झिजून आवाज दबका झाला होता, आणि आज स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकतानाही त्या जागी आवाज दबेल म्हणून माझा कान सावध होतो. तो आवाज अ‍ॅक्सल, स्लॅश, डफ, इझी आणि अ‍ॅडलर या पाच जणांनी मिळून घडवला होता. म्हणून विचारतो: ज्या कामात पाच जणांचे श्रम आहेत त्या कामाचा गौरव होत असताना एकाने पाठ फिरवणे योग्य आहे का? आणि स्वतःचा वाटा त्या गौरवातून वगळण्याची मागणी करण्याचा हक्क त्याला पोहोचतो का?

खर्ज:

आपण दोन प्रश्न वेगळे केलेत हे चांगले झाले, कारण एरवी या विषयावरची चर्चा ‘अ‍ॅक्सल हेकट आहे’ या एका वाक्यापाशी येऊन थांबते.

मी त्याच्या बाजूने बोलणार आहे. त्याआधी २०१२ साली त्या बॅण्डची स्थिती काय होती, ते आठवून पाहू. त्या वादकसंचाचा अखेरचा कार्यक्रम १७ जुलै १९९३ ला ब्युनोस आयर्सला झाला. तोवर अ‍ॅडलरला काढून तीन वर्षे झाली होती आणि इझीने १९९१ मध्येच बॅण्ड सोडला होता. पुढे १९९६ मध्ये स्लॅश गेला, १९९७ मध्ये डफ गेला. बॅण्डचे नाव अ‍ॅक्सलकडे राहिले आणि त्याने नवे वादक घेऊन त्याच नावाने काम चालू ठेवले, २००८ मध्ये नवा अल्बम काढला, जगभर दौरे केले. म्हणजे २०१२ मध्ये ‘गन्स एन रोझेस’ हे नाव एका चालत्या बॅण्डचे होते आणि त्याच नावाने संस्था दुसऱ्याच संचाचा गौरव करणार होती.

आता त्याच्या जागी उभे राहून पाहावे. जुन्या साथीदारांबरोबर गायला असता तर रोज रात्री आपल्याबरोबर उभे राहणाऱ्या वादकांना काय तोंड दाखवले असते? नव्या वादकांना घेऊन गायला असता तर सभागृहाने ते सहन केले असते का? दोन्ही संच एकाच मंचावर आणणे म्हणजे उघड्यावर भांडणाला आमंत्रण होते. आणि नुसते येऊन, न गाता, दोन वाक्ये बोलून बसायचे म्हटले, तर प्रत्येक छायाचित्रकाराने त्याचा आणि स्लॅशचा चेहरा एका चौकटीत पकडण्यासाठी जिवाचा आटापिटा केला असता. ज्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्याच्या शेजारी हसऱ्या चेहऱ्याने उभे राहावे, अशी अपेक्षा आपण एखाद्या नातेवाइकाकडूनही ठेवत नाही. मग गायकाकडून का ठेवावी?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या सन्मानासाठी कोणी अर्ज करत नाही. पहिले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन २५ वर्षे झाली की कलाकार पात्र ठरतो, समिती नावे सुचवते आणि मतदार निवड करतात. गन्स एन रोझेस तर पात्र होताच पहिल्याच वर्षी निवडले गेले. जे मागितलेले नाही ते नम्रपणे नाकारता येत नसेल, तर त्याला सन्मान म्हणावे की हुकूम?

पडद्यामागे:

‘खर्ज’ यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. मात्र या प्रकाराला अ‍ॅक्सलपासून सुरुवात झालेली नाही, आणि सगळ्या गैरहजेऱ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो.

हॉल ऑफ फेमचे सोहळे १९८६ पासून सुरू झाले, आणि तिसऱ्याच वर्षी, जानेवारी १९८८ मध्ये, बीटल्सचा गौरव होत असताना पॉल मॅकार्टनी आला नाही. त्या वेळी जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार आणि दिवंगत जॉन लेननच्या पत्नी योको ओनो यांचा त्याच्याशी मानधनाच्या वाट्यावरून न्यायालयीन वाद चालू होता. त्याने स्पष्ट कळवले की व्यवहाराचे मतभेद मिटलेले नसताना एकोप्याचे खोटे दृश्य उभे करून हात हलवणे आपल्याला ढोंग वाटेल. जॉर्ज आणि रिंगो आले, योको आल्या, जॉनचे दोन्ही मुलगे आले. पुढच्या वर्षी तो वाद मिटला. १९९४ मध्ये जॉन लेननचा स्वतंत्र समावेश झाला तेव्हा त्याच्या गौरवाचे भाषण करायला पॉलच उभा राहिला आणि त्याने मंचावर योकोंना मिठी मारली. १९८८ मध्ये तो दात विचकत उभा राहिला असता, तर १९९४ च्या मिठीला तेवढी किंमत उरली असती का, असे मला नेहमी वाटते.

पिंक फ्लॉइडच्या वेळी, १९९६ मध्ये, रॉजर वॉटर्स आला नाही. तिथे कटुता जुनी होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. नील यंग १९९७ मध्ये बफेलो स्प्रिंगफील्डच्या गौरवाला आला नाही, पण त्याचे भांडण साथीदारांशी नव्हतेच. सोहळ्याचा दूरचित्रवाणीसाठी बाजार मांडला जातो, हा त्याचा आक्षेप होता. सेक्स पिस्टल्सने २००६ मध्ये हाताने लिहिलेले, अर्वाच्य शब्दांनी भरलेले नकारपत्र पाठवले आणि संस्थेचे एक संस्थापक यान वेनर यांनी ते मंचावरून वाचून दाखवले. व्हॅन हेलनच्या वेळी, २००७ मध्ये, एडी व्हॅन हेलन उपचार घेत होता, डेव्हिड ली रॉथचे गाण्याच्या निवडीवरून जमले नाही, आणि शेवटी सॅमी हेगर आणि मायकेल अँथनी असे दोघेच आले. पीटर गेब्रिएल २०१० मध्ये जेनेसिससाठी आला नाही, तो केवळ दौऱ्याच्या तालमी चालू होत्या म्हणून, आणि त्यावरून कोणी आकांडतांडव केले नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त चटका लावून गेली ती डायर स्ट्रेट्सची रात्र. योगायोग असा की तीही १४ एप्रिललाच होती, २०१८ साली, आणि त्याच क्लीव्हलँडच्या त्याच सभागृहात. बॅण्डचा गायक आणि गिटारवादक मार्क नॉफ्लर आला नाही. त्याचा भाऊ डेव्हिडही आला नाही. प्रवासखर्चाच्या शब्दावरून डेव्हिडचे संस्थेशी बिनसले होते. परिचय करून द्यायलाही कोणी नव्हते. इतर प्रत्येक बॅण्डसाठी कोणीतरी नामवंत कलाकार येतो, आठवणी सांगतो, मग सत्कारमूर्तींना मंचावर बोलावतो. इथे बॅण्डचा बेस वाजवणारा जॉन इल्झली स्वतःच पुढे आला आणि त्याने आपल्याच बॅण्डचा परिचय करून दिला. बरोबर अ‍ॅलन क्लार्क आणि गाय फ्लेचर होते. गाणे झालेच नाही. ज्या बॅण्डची ओळखच एका माणसाच्या बोटांतून उमटणाऱ्या गिटारीची होती, त्या बॅण्डच्या गौरवाला गिटारीचा एक सूरही वाजला नाही. इल्झलीने मार्कविषयी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. ही त्याची खासगी बाब आहे, एवढ्यावर त्याने तो विषय संपवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मार्कच्या बरोबरीने टिकलेला तो एकमेव माणूस होता, आणि त्याचा तो समंजसपणा पाहून मला मार्कचा राग येण्याऐवजी इल्झलीविषयी आदरच वाटला.

म्हणून ‘तिसरी तार’ यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: न येण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र त्याची किंमत मंचावर आलेले मोजतात, हे न येणाऱ्याने विसरू नये.

मंद्र:

मोठ्या लोकांच्या गोष्टीत स्वतःची गोष्ट घुसवण्याबद्दल क्षमा असावी, पण या विषयावर मी नुसता श्रोता म्हणून बोलू शकत नाही.

महाविद्यालयाच्या दिवसांत आम्हा चौघांचा बॅण्ड होता आणि मी बेस वाजवत असे. आम्ही सहा वर्षे एकत्र होतो. शेवटी एका ध्वनिमुद्रणाच्या श्रेयावरून मी आणि गायक असे भांडलो की पुढे एकमेकांचे नावही घेईनासे झालो. बऱ्याच वर्षांनी एका संस्थेने तिच्या वर्धापनदिनी आमचा सत्कार ठरवला. मला दोन महिने आधी निरोप मिळाला होता. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मनात रोज एक निर्णय होई आणि रोज तो बदले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी येणार नसल्याचा निरोप पाठवला आणि त्यात, आज लिहितानाही लाज वाटते, ‘माझे नाव घेऊ नये’ असेही लिहिले.

नंतर मला छायाचित्र मिळाले. तिघे उभे आहेत, आणि ड्रम वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला एक माणूस उभा राहू शकेल एवढी जागा मोकळी आहे. ती त्याने मुद्दाम सोडली होती, असे त्याने मला पुढे सांगितले. त्याचे माझ्याशी काहीच भांडण नव्हते. तो म्हणाला, ‘तू येणार नाहीस हे मला महिनाभर आधी कळले असते, तर मी मनाची तयारी केली असती. तू शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर ठेवलेस.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

म्हणून अ‍ॅक्सलच्या पत्राचा विचार करताना माझे लक्ष तारखेवर जाते. त्या वर्षीच्या मानकऱ्यांची नावे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली होती. पत्र आले ११ एप्रिलला. मधल्या चार महिन्यांत त्याच्या मनाची जी घालमेल झाली असेल ती मी चांगली ओळखतो, आणि त्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार मला तर मुळीच नाही. पण त्या चार महिन्यांत अ‍ॅडलर काय करत असेल? १९९० मध्ये ज्याला बाहेर काढले गेले आणि व्यसनांशी झुंजण्यात ज्याची पुढची कित्येक वर्षे गेली, त्या माणसाला पाचही जण पुन्हा एका मंचावर दिसतील ही आस लागून राहिली होती, हे त्याने कधी लपवले नाही. नकार जानेवारीत कळवला असता तर दुःख झालेच असते, पण ते आपसांत पचवता आले असते. तीन दिवस आधी आलेल्या जाहीर पत्राने ते दुःख भर सभागृहात भोगायला लावले.

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत अधिक ठाम आहे. आपण वाजवलेले सूर ध्वनिमुद्रणातून काढून घेता येत नाहीत. गौरव त्या सुरांचा असतो, आणि ते एकदा साथीदारांच्या सुरांत मिसळले की त्यांवर एकट्याची मालकी उरत नाही. ‘मी येणार नाही’ हे म्हणणे अ‍ॅक्सलच्या अखत्यारीत होते. ‘माझा समावेश करू नका’ हे म्हणणे नव्हते, कारण त्याला वगळून त्या अल्बमचा गौरव करणे म्हणजे इतर चौघांच्या कामाचाही अर्धवट गौरव करणे झाले असते. संस्थेने ती विनंती मानली नाही, ते योग्यच केले.

खर्ज:

‘मंद्र’, तुमचा अनुभव वाचून माझे म्हणणे थोडे बदलले, हे कबूल करतो. तारखेचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. मात्र वगळण्याच्या विनंतीविषयी अजूनही माझा मतभेद आहे.

बॅण्ड म्हणजे नेमके कोण, हे त्या यादीने ठरवले आणि त्या यादीतही अन्याय होता. गिल्बी क्लार्कचे उदाहरण पाहा. इझी गेल्यावर १९९१ मध्ये त्याने गिटार सांभाळली, तो प्रचंड दौरा पार पाडला, १९९३ च्या अल्बमवर वाजवले. २०१२ च्या रात्री तो मंचावर गिटार घेऊन उभा होता, पण मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणजे जो आला आणि वाजवून गेला त्याला सन्मान नाही, आणि ज्याने स्पष्ट शब्दांत नको म्हटले त्याला तो मिळालाच. अशा यादीत आपले नाव असावे की नसावे हे सांगण्याची मुभा कलाकाराला असायला हवी, असे मला वाटते. सुरांचा गौरव होऊ द्यावा. नावाचा गौरव मात्र संमतीनेच व्हावा.

आणि पुढे काय झाले तेही विसरून चालणार नाही. १ एप्रिल २०१६ ला लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूरमध्ये अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ पुन्हा एकत्र आले आणि तिथून वर्षानुवर्षे चाललेला दौरा सुरू झाला. २०१२ मध्ये कॅमेऱ्यांसाठी दहा मिनिटे एकत्र उभे केले असते, तर ते घडले असते की नाही, कोण सांगणार? मला वाटते नसते घडले. ‘पडद्यामागे’ यांनी पॉल आणि योको यांच्याविषयी जे लिहिले आहे, तेच इथेही लागू पडते.

पडद्यामागे:

एक पुरवणी जोडतो. यायचे की नाही याच्या मधली वाटही काहींनी काढली आहे. जर्नी या बॅण्डचा गौरव २०१७ मध्ये झाला तेव्हा त्यांचा जुना गायक स्टीव्ह पेरी आला. बॅण्ड सोडून त्याला कितीतरी वर्षे झाली होती आणि त्याच्या जागी आर्नेल पिनेडा गात होता. पेरी जुन्या साथीदारांच्या शेजारी उभा राहिला, बोलला, आपल्या जागी गाणाऱ्या पिनेडाचे त्याने मनापासून कौतुक केले आणि गाणे त्याच्याकडेच राहू दिले. चाहत्यांना त्याच्या तोंडून एक ओळ तरी ऐकायची होती, ती मिळाली नाही. पण कोणाचीही जागा रिकामी राहिली नाही. अर्थात पेरीच्या बाबतीत अ‍ॅक्सल आणि स्लॅश यांच्याइतके वैर नव्हते, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.

तिसरी तार:

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना मला अ‍ॅक्सलविषयी जो राग होता तो बराच ओसरला आहे, आणि त्याची जागा अ‍ॅडलरविषयीच्या काळजीने घेतली आहे. २०१६ च्या दौऱ्यात तो नियमित ड्रमर म्हणून परतला नाही. ६ जुलै २०१६ ला सिनसिनाटीच्या कार्यक्रमात त्याला पाहुणा म्हणून बोलावले आणि त्याने दोन गाणी वाजवली. पुढेही मोजक्याच ठिकाणी तो दिसला. इझी तर त्या दौऱ्यात आलाच नाही. म्हणजे ‘खर्ज’ म्हणतात तसा समेट झाला, पण तो तिघांचा झाला. पाचांचा झालाच नाही. पाच जण एका मंचावर येण्याची सर्वांत जवळची संधी ती क्लीव्हलँडचीच होती.

संमतीच्या मुद्द्यावर माझा निर्णय अजून झालेला नाही. ‘मंद्र’ यांचे म्हणणे मनाला पटते, ‘खर्ज’ यांचे बुद्धीला. गिल्बी क्लार्कची गोष्ट मला ठाऊक असूनही मी या प्रश्नाशी तिची सांगड कधी घातली नव्हती. ‘मंद्र’, एक विचारू का? तुमच्या छायाचित्रात ज्याने जागा सोडली होती, त्या मित्राबरोबर पुन्हा कधी वाजवलेत का?

मंद्र:

हो. दोनदा. गायक नव्हता, त्यामुळे गाणी शब्दांविनाच वाजवली.